दोन फेऱ्यांनंतरही कपडे दमट? घराखालून गेलेला ड्रायरचा वेंट असा तपासा

टॉवेल एका फेरीत वाळायला हवेत, पण दुसरी फेरी झाली तरी शिवणीला आणि काठाला ओलसर लागतात. जीन्सचे खिसे तर थंडगारच. ड्रायरच्या वरच्या पत्र्यावर हात ठेवला की चटका बसतो आणि लाँड्रीच्या खोलीत दमट, किंचित करपल्यासारखा वास येतो. वेंटची, म्हणजे ड्रायरची गरम दमट हवा घराबाहेर नेणाऱ्या पाईपची, बाहेर भिंतीवरची झडप मशीन चालू असताना जेमतेम हलते, कधी हलतही नाही. थंडीत खिडकीच्या काचेवर आतून पाणी धरतं. थर्मल फ्यूज (मशीन जास्त तापलं की ते बंद पाडणारा सुरक्षेचा भाग) एकदा बदलला, चार-सहा महिन्यांनी पुन्हा उडाला. ज्यांचा वेंट क्रॉल स्पेसमधून, म्हणजे घराखालच्या बुटक्या पोकळीतून, जातो त्यांच्याकडे आणखी एक लक्षण दिसतं: लाँड्रीच्या आसपास जमिनीतून कुबट वास येतो आणि तिथली लाकडी फरशी पायाखाली किंचित दबते.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील तर नवा ड्रायर घ्यायची घाई करू नका. अमेरिकेतल्या लाकडी घरांत ही एकच तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की मशीन उघडायच्या आधी मी घराखाली जातो. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं, दोष असतो तो हवा बाहेर नेणाऱ्या पाईपच्या वाटेत. वाट चुकीची असेल तर पाईप कितीही साफ करा, तक्रार वर्षभरात परत येते.

क्रॉल स्पेस म्हणजे घराची फरशी आणि खालची जमीन यांमधली ती बुटकी पोकळी, जिच्यात उभं राहता येत नाही, सरपटतच जावं लागतं. वर लाकडी जॉइस्ट (फरशी पेलणारे आडवे वासे), खाली मातीवर अंथरलेलं प्लास्टिक, चारही बाजूंना पायाची भिंत. पाण्याचे नळ, वायरी, गटाराचा पाईप सगळं याच जागेतून जातं, म्हणून ड्रायरचा पाईपही तिथूनच न्यावा असं वाटणं साहजिक आहे. नेताही येतो. पण त्या पाईपमधून काय वाहतं हे आधी लक्षात घ्या. सुमारे चार किलो सुक्या कपड्यांत वॉशरच्या स्पिननंतरही दोन लिटरच्या आसपास पाणी उरतं. ते सगळं वाफ होऊन या पाईपमधून बाहेर पडायचं असतं आणि सोबत कपड्यांचे झडलेले तंतू, म्हणजे लिंट, असतात. गरम दमट हवा आणि कापसासारखा पेटणारा लिंट असं हे मिश्रण आहे.

हे नुसतं कपडे ओले राहण्यापुरतं नाही. अमेरिकेच्या फायर ॲडमिनिस्ट्रेशनने 2008 ते 2010 या काळाचा अभ्यास केला, तेव्हा घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे 2,900 आगी लागत असल्याचं दिसलं. त्यांत दरवर्षी साधारण 5 मृत्यू आणि 100 जखमी. आग लागण्याच्या कारणांत सगळ्यात वरचं कारण होतं साफसफाई न करणं, 34 टक्के. म्हणून खालच्या तपासण्या करेपर्यंत झोपताना किंवा घराबाहेर जाताना ड्रायर चालू ठेवू नका.

फुकटच्या तपासण्या, घराखाली न जाता

पहिल्यांदा वॉशरकडे बघा. स्पिन संपल्यावर एक टॉवेल हातात घेऊन पिळा. पाणी ठिबकलं तर दोष ड्रायरचा नाहीच, स्पिन नीट होत नाही. हे मी सगळ्यांत आधी बघतो, कारण इथेच प्रश्न सुटला तर पुढचं काहीच करावं लागत नाही.

मग लिंटची जाळी. वरचा थर सगळेच काढतात, पण ड्रायर शीट (कपडे मऊ करायला ड्रायरमध्ये टाकतात तो पातळ रुमाल) वापरणाऱ्यांच्या जाळीवर न दिसणारा मेणचट थर बसतो. जाळी नळाखाली धरा. पाणी सरळ आरपार गेलं पाहिजे. ते जाळीवर साचून राहिलं तर हवाही तशीच अडते. भांडी घासायचा साबण आणि मऊ ब्रश घेऊन धुवा, पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

ड्रमच्या आत, दाराजवळ किंवा मागच्या बाजूला, धातूच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात. तो ओलावा ओळखणारा सेन्सर. त्यावरही तोच मेणचट थर बसला की मशीनला कपडे वाळले असं वाटतं आणि फेरी लवकर संपते. अल्कोहोलने भिजवलेल्या फडक्याने पट्ट्या पुसा. इथे खूण स्पष्ट आहे: ऑटोमॅटिक फेरीत कपडे ओले राहतात, पण वेळ लावून चालवलेल्या फेरीत वाळतात, तर दोष सेन्सरचा. दोन्हींत ओले राहिले तर पुढे चला.

ड्रम फिरतो पण हवा गारच, असं असेल तर ब्रेकर बघा. इलेक्ट्रिक ड्रायर 240 व्होल्टवर चालतो आणि त्याला दोन बाजूंनी वीज येते. एक बाजू गेली तरी मोटर फिरत राहते, कारण ती 120 वर चालते, पण हीटर तापत नाही. जोडब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. लगेच परत पडला तर हात काढून घ्या आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. ब्रेकर उगाच पडत नाही.

आता बाहेरचं तोंड. ड्रायर गरम फेरीवर चालू ठेवा आणि बाहेर जाऊन हूडसमोर (भिंतीबाहेरच्या पाईपच्या तोंडावरच्या टोपणासमोर) हात धरा. हवेचा जोरदार, गरम झोत लागला पाहिजे आणि झडप पूर्ण उघडलेली दिसली पाहिजे. झुळूक असेल तर वाट अडलेली आहे. हूडला जाळी बसवलेली दिसली तर ती काढा. पक्षी आणि उंदीर आत शिरू नयेत म्हणून कुणीतरी चांगल्या हेतूने लावलेली असते, पण लिंट तिच्यावर अडकतो आणि दोनेक महिन्यांत तिथे जाड नमदा तयार होतो. बांधकाम संहिताही ड्रायरच्या तोंडावर जाळी लावू देत नाही. उलटी हवा रोखायला झडप पुरेशी आहे. झडपेच्या बिजागरीत अडकलेला लिंट चिमट्याने काढा आणि ती बोटाने सहज उघडते का बघा.

मशीनच्या मागे

ड्रायर पुढे ओढा. ओढण्याआधी प्लग काढा. गॅसचा असेल तर गॅसची नळी ताणली जाऊ नये म्हणून जपून ओढा. मागचा लवचिक तुकडा, ज्याला ट्रान्झिशन डक्ट म्हणतात, भिंतीशी चेपून चपटा झालेला असतो. हा दोष इतका नेहमीचा आहे की बाकी काही न करता एवढाच तुकडा बदलून मी कित्येक घरांतली तक्रार मिटवली आहे. तो पांढऱ्या प्लास्टिकचा असेल तर वाद न घालता फेकून द्या, ते पेटतं. त्याजागी ड्रायरसाठी प्रमाणित धातूचा तुकडा लावा. तो एकसंध आणि 8 फुटांपेक्षा कमी हवा. जितका आखूड तितका बरा.

एक गोष्ट मात्र ठाम लक्षात ठेवा: हा लवचिक तुकडा फक्त मशीन आणि भिंत किंवा फरशी यांच्यामधल्या उघड्या जागेसाठी आहे. भिंतीत किंवा फरशीखाली तो न्यायचा नाही. घराखाली गेल्यावर चांदीसारखी चुणीदार नळी लोंबताना दिसली, तर काम चुकीचं झालंय हे लांबूनच कळतं.

इथेच एक निर्णायक चाचणी करता येते, पण फक्त इलेक्ट्रिक ड्रायरवर. मागचा पाईप काढा, मशीनच्या उघड्या तोंडावर जुना मोजा किंवा पातळ कापड सैल बांधा आणि तेच ओले कपडे घालून अर्धा तास चालवा. दार-खिडकी उघडी ठेवा, शेजारी थांबा. कपडे झपाट्याने वाळले तर मशीन निर्दोष आहे, सगळा अडथळा पुढच्या पाईपमध्ये आहे. तरीही ओले राहिले तर हीटर, थर्मोस्टॅट किंवा आतला पंखा बघायला मेकॅनिक लागेल. गॅसच्या ड्रायरवर ही चाचणी करायचीच नाही. त्याच्या हवेत जळालेल्या वायूंसोबत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. तो रंग-वास नसलेला वायू घरात साचला तर माणूस झोपेतच जातो.

घराखाली

खाली उतरण्यापूर्वी वर कुणाला तरी सांगून ठेवा. लांब बाह्यांचे कपडे, हातमोजे, गुडघ्यांना पॅड, डोक्याला बांधायची टॉर्च आणि एन 95 मास्क घ्या. उंदरांची लेंडी, बुरशीची धूळ आणि फायबरग्लासचे तुकडे श्वासात जायला नकोत. कोपऱ्यात हात घालण्याआधी टॉर्च मारा, कोळी आणि साप दोघांनाही ही जागा आवडते. आत पाणी साचलेलं आणि वायरी लोंबताना दिसल्या तर उतरू नका.

आत गेल्यावर मी तीन गोष्टी शोधतो.

पहिली: पाईप खरोखर बाहेर जातो का. हा प्रश्न विचित्र वाटेल, पण एका ओळखीच्यांच्या घरात ड्रायरचा पाईप फरशीतून खाली उतरून तीन फुटांवर थांबला होता. ज्याने बसवला त्याने बाहेरची भिंत कधी फोडलीच नव्हती. फरशीच्या खालच्या बाजूचं प्लायवुड हाताएवढ्या गोलात काळं पडलं होतं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं तर ओल्या पुठ्ठ्यात जावं तसं आत गेलं. जमिनीवरच्या प्लास्टिकवर राखाडी लिंटचा गालिचा पसरला होता, जॉइस्टवर पाण्याचे थेंब. त्या घरात ड्रायर दोनदा बदलून झाला होता. दर फेरीला दोन लिटर पाणी घराच्या पायात सोडलं जात होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की ते कुजायला लागतं. घराखाली हवा खेळायला झरोके असले तरी या वाफेपुढे ते पुरत नाहीत.

दुसरी: झोळ. हा माझ्या मते क्रॉल स्पेसचा खास रोग आहे. पाईप जॉइस्टला दोन टोकांना टांगलेला असतो आणि मध्ये चार-सहा इंच खाली बसलेला. खालची हवा थंड, पाईपची हवा गरम आणि दमट. धातूच्या आतल्या बाजूला दव धरतं, थेंब ओघळून झोळात जमतात. लिंट त्या पाण्यात चिकटतो, त्याचा लगदा होतो, तो वाळून घट्ट होतो, पुढच्या फेरीला त्यावर आणखी थर. अशा झोळाखालचा जोड मी सोडवला की आधी गढूळ, राखाडी पाणी मनगटावर सांडतं आणि मग तळव्याएवढा ओला नमदा बाहेर येतो. पाईपचं तोंड अर्धंही उरलेलं नसतं. हा पाईप वरून ब्रश घालून साफ केला तरी झोळ तसाच राहिला तर पुढच्या थंडीत पुन्हा तेच.

तिसरी: जोड आणि स्क्रू. पाईपच्या एका टोकाला चुण्या असतात, म्हणजे ते बारीक असतं. ते टोक हवा जाते त्या दिशेला, पुढच्या पाईपच्या आत बसायला हवं. उलटं बसवलं तर दर जोडापाशी एक कड तयार होते, तिथे लिंट अडकतो आणि पाणी बाहेर गळतं. स्क्रूची टोकं आत इंचाच्या आठव्या भागापेक्षा जास्त येऊ द्यायची नाहीत, ती लिंट धरणारे काटेच आहेत. जोड फॉइल टेपने बंद करा. कापडी टेप उष्णतेत सुकून काही महिन्यांत सुटते, मला ती पाईपवर लोंबताना नेहमी दिसते.

पाईपची वाट बरोबर असेल, नुसता तुंबलेला असेल, तर लवचिक दांड्यांचा ब्रश ड्रिलला लावून साफ करता येतो. ड्रिल फक्त उजवीकडे, घड्याळाच्या दिशेने फिरवा. उलटं फिरलं की दांड्या आपोआप सुटतात आणि ब्रश पाईपमध्येच राहतो. चुणीदार फॉइलच्या नळीत हा ब्रश घालू नका, ती फाटते.

वाट नव्याने आखायची असेल तर

इथे मी घाई करत नाही, कागद-पेन्सिल घेऊन बसतो. अमेरिकेत बहुतेक राज्यं इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड ही घरांच्या बांधकामाची संहिता कमीजास्त बदल करून वापरतात. त्यानुसार ड्रायरचा पाईप 4 इंच व्यासाचा, आतून गुळगुळीत, धातूचा हवा. लांबी जास्तीत जास्त 35 फूट. पण ही फूटपट्टीने मोजलेली लांबी नव्हे. दर 90 अंशाच्या साध्या वळणाला 5 फूट आणि 45 अंशाच्या वळणाला अडीच फूट धरायचे. मशीन बनवणाऱ्याची पुस्तिका वेगळा आकडा देत असेल, तर संहिता तो मानते, म्हणून पुस्तिका आधी वाचा. तुमच्या गावाच्या बांधकाम विभागाचे नियमही विचारा, परवाना लागतो का तेही.

वळणं का मोजायची? सरळ पाईपमध्ये हवा धावते, वळणावर ती बाहेरच्या भिंतीवर आपटते आणि वेग गमावते. वेग गेला की लिंट खाली बसतो. ड्रायरचा पंखा लहान असतो. तो ढकलू शकतो त्यापेक्षा जास्त अडथळा दिला की हवा संथ होते, मशीनच्या आतलं तापमान वाढतं आणि सुरक्षेसाठी लावलेला थर्मल फ्यूज उडतो. वारंवार उडणारा फ्यूज म्हणजे वाट चुकल्याची सूचना आहे, म्हणून नुसता फ्यूज बदलून थांबू नका.

एक उदाहरण करून बघू. ड्रायरमागच्या भिंतीत कॉलर, म्हणजे पाईप जोडायचं गोल तोंड, आहे. पाईप भिंतीतून खाली वळतो, 3 फूट उतरतो, फरशीखाली आडवा वळतो, 22 फूट जातो, मधल्या विटांच्या खांबाला वळसा घालायला आणखी एकदा वळतो आणि 4 फुटांवर बाहेर पडतो. सरळ लांबी 29 फूट. तीन वळणांचे 15. एकूण 44, म्हणजे मर्यादेबाहेर. आता दुसऱ्या बाजूची भिंत बघितली: 3 फूट खाली, 14 फूट आडवं, वळणं दोनच. 17 आणि 10, एकूण 27. हीच वाट घ्यायची. लांब त्रिज्येची गुळगुळीत वळणं वापरली तर आणखी सुटसुटीत होतं: 10 इंच त्रिज्येच्या अशा 90 अंशी वळणाला 5 ऐवजी फक्त दीड फूट धरतात. मग तीच वाट 20 फुटांची होते. ड्रायरमागे जागा असेल तर भिंतीऐवजी थेट फरशीतून खाली उतरल्याने एक वळण आणखी वाचतं.

वाट ठरवताना पहिला विचार जॉइस्टचा करा. पाईप जॉइस्टला समांतर, दोन जॉइस्टच्या मधून नेला तर काही कापावं लागत नाही. आडवा न्यायचा असेल तर जॉइस्टच्या खालून टांगा. मधून भोक पाडायचा मोह टाळा. संहितेनुसार सलग लाकडी जॉइस्टमधल्या भोकाचा व्यास त्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. 2 बाय 12 म्हणून विकला जाणारा जॉइस्ट प्रत्यक्षात सव्वाअकरा इंच खोल असतो, म्हणजे मर्यादा पावणेचार इंचांची. त्यात 4 इंची पाईप नियमात बसतच नाही. आय आकाराचे जॉइस्ट किंवा ट्रस असतील तर त्यांच्या वरच्या-खालच्या पट्ट्या कधीही कापू नका. पाईपला जागा करायला कापलेल्या जॉइस्टमुळे खोलीची फरशी बसलेली मी पाहिली आहे, ती दुरुस्ती ड्रायरच्या कैक पट मोठी होती.

दुसरा विचार उतार. पाईप बाहेरच्या दिशेला किंचित उतरता ठेवा. मी फुटाला पाव इंच धरतो, म्हणजे आत दव धरलंच तर थेंब मशीनकडे न येता बाहेर जातात. 16 फुटांच्या आडव्या पाईपला ही उतरण 4 इंच होते, तेवढी उंची मोकळी आहे का आधी मोजून घ्या. आधार कमाल 12 फुटांवर द्यावा असं संहिता सांगते, मी घराखाली दर 4 फुटांवर धातूची पट्टी लावतो, कारण झोळ पडल्यावर तो काढायला परत सरपटत जावं लागतं. थंड हवेच्या भागात पाईपला बाहेरून इन्सुलेशन गुंडाळा. ते गुंडाळलं की आतला धातू गरम राहतो आणि दव कमी धरतं. इन्सुलेशन गुंडाळण्यापूर्वी सगळे जोड टेपने बंद करून ड्रायर चालवून बघा, नंतर गळका जोड दिसत नाही.

तिसरा विचार बाहेरच्या तोंडाचा. बहुधा रिम जॉइस्टमधून, म्हणजे पायाच्या भिंतीवर बसलेल्या कडेच्या फळीतून, भोक पाडून बाहेर पडणं सोपं असतं. काँक्रीटची भिंत फोडायची असेल तर तो वेगळा उद्योग आहे, त्याला हिऱ्याचं कोअर ड्रिल आणि अनुभवी हात लागतात. ड्रिल करण्यापूर्वी त्या जागी आत वायर, पाण्याचा पाईप किंवा बाहेरून डेकची (घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याची) पट्टी बोल्ट केलेली नाही ना ते बघा. हूड कोणत्याही खिडकी, दार किंवा क्रॉल स्पेसच्या झरोक्यापासून कमीत कमी 3 फूट लांब ठेवा. हे क्रॉल स्पेसच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे: झरोक्याजवळ सोडलेली दमट हवा परत घराखालीच ओढली जाते आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते. डेकखाली सोडू नका, लाकूड भिजतं. एसीच्या बाहेरच्या युनिटजवळही नको, लिंट त्याच्या जाळीवर बसतो. जमिनीपासून फूटभर वर ठेवा म्हणजे बर्फ किंवा पालापाचोळा झडप अडवणार नाही. हूडच्या भोवतीची फट आतून-बाहेरून सील करा.

जमिनीवर प्लास्टिक पसरून, भिंतीही झाकून क्रॉल स्पेस बंद केलेली असेल तर दुप्पट काळजी घ्या. तिथे बाहेरची हवा येत नाही, त्यामुळे पाईपमधला एक गळका जोडही पूर्ण जागा दमट करतो. तिथे प्लास्टिक किंवा त्याखालचा रॅडॉनचा (जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूचा) पाईप छेदावा लागला तर ज्यांनी ती व्यवस्था बसवली त्यांनाच विचारा.

वाट काही केल्या मर्यादेत बसत नसेल तर दोनच पर्याय मला पटतात. एक, ड्रायरच्या पाईपसाठी खास प्रमाणित बूस्टर पंखा, तोही हात पोहोचेल आणि साफ करता येईल अशा जागी. साधा डक्ट पंखा नाही, त्याच्या पात्यांवर लिंट बसून तोच पेटू शकतो. दोन, वेंट न लागणारा हीट पंप ड्रायर. तो पाणी नळीने किंवा टाकीत काढतो, फेरीला जास्त वेळ घेतो, पण भिंतीत भोक आणि घराखालचा पाईप या दोन्हींतून सुटका करतो. मशीनशेजारी पाण्याची बादली ठेवून लिंट अडवायचं जे भांडं मिळतं, त्याने सगळी वाफ घरातच राहते, म्हणून मी ते कुणालाच सुचवत नाही. गॅसच्या ड्रायरला ते लावणं तर धोक्याचंच आहे.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

गॅसचा वास आला तर दिवा लावू-विझवू नका, घरातून बाहेर पडा आणि बाहेरूनच गॅस कंपनीला फोन करा. गॅसच्या ड्रायरचा वेंट घराखाली सुटलेला किंवा तुटलेला सापडला तर ड्रायर लगेच बंद करा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात चालू आहे ना बघा आणि परवानाधारक माणसाकडून काम करून घ्या. ड्रायर सुरू झाला की वॉटर हीटरची ज्योत हेलकावते किंवा त्याच्या धुराड्यातून हवा उलटी येते, असं दिसलं तरी हेच करा. ड्रायर मिनिटाला शंभर-दीडशे घनफूट हवा घरातून ओढतो, बंदिस्त घरात ती हवा धुराड्यातून येऊ शकते.

ब्रेकर पुन्हा पुन्हा पडणं, जळक्या वायरीचा वास, पाण्यात बुडालेल्या वायरी, जुन्या पाईपांवर पुठ्ठ्यासारखं पांढरट आवरण (ते ॲस्बेस्टॉस असू शकतं, हात लावू नका), स्क्रू ड्रायव्हर आत शिरेल इतका मऊ झालेला जॉइस्ट, काँक्रीटमधून कापायचं भोक, या सगळ्यांत हौस बाजूला ठेवा. लाकूड कुजलं असेल तर आधी वेंटचं तोंड घराबाहेर न्या, मगच सुतार किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ओल्यावर नवं लाकूड ठोकलं तर तेही जातं.

काम झाल्यावर

तोच ओल्या टॉवेलांचा ढीग घालून वेळ लावा आणि लिहून ठेवा. बाहेर झडप पूर्ण उघडते ना बघा. ड्रायर चालू असताना खाली जाऊन प्रत्येक जोडाजवळ टिश्यूची पट्टी धरा, फडफडली तर तिथे अजून गळती आहे. महिन्याभराने एकदा टॉर्च घेऊन पाईपची खालची बाजू बघा, थेंब किंवा ओघळ दिसला तर उतार किंवा इन्सुलेशन कमी पडतंय. पाईपची हिशेबाची लांबी 35 फुटांच्या वर गेली असेल, मशीनच्या पुस्तिकेने परवानगी दिली म्हणून, तर ती लांबी ठळक अक्षरांत चिठ्ठीवर लिहून ड्रायरच्या जोडापासून 6 फुटांच्या आत पक्की लावा. संहितेचा तो नियम आहे, आणि पुढचा ड्रायर घेताना दुकानात हाच आकडा सांगावा लागतो.